उंच बिल्डिंगवरचा वारा कसा काढायचा: सोलापूरची साइट धरून सगळ्या पायऱ्या

"सर, ईटॅब्समध्ये विंड ऑटोला टाकलाय, झालं ना?" ऑफिसात नवीन आलेलं प्रत्येक पोरगं एकदा तरी हे विचारतं (ईटॅब्स म्हणजे इमारतीचं मॉडेल करून हिशोब काढणारं सॉफ्टवेअर, ऑटो म्हणजे वारा त्यालाच काढू देणं) आणि मी प्रत्येकाला एकच उलटा प्रश्न करतो, साइटच्या पश्चिमेला काय आहे ते सांग. बहुतेकांना सांगता येत नाही, कारण प्लॅन व्हॉट्सॲपवर आलेला असतो आणि साइट बघायच्या आधीच मॉडेल उभं राहिलेलं असतं. म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहून काढू, आकड्यांसकट.

सोलापूर तसं बैठं शहर. वारा म्हटलं की इथल्या इंजिनियरच्या डोळ्यासमोर एमआयडीसीतली पत्र्याची शेडं येतात, मे महिन्यातल्या वळवाच्या वादळात उडालेले पत्रे येतात. पण आता जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड भागातून टॉवरची चौकशी करणारे क्लायंट येतात आणि पन्नास मीटरच्या वर गेलं की शेडचं गणित पुरत नाही. शेडला वारा ढकलतो किंवा उचलतो, टॉवरला तो हलवतो. या हलण्याचं गणित बहुतेक जण सोडून देतात, म्हणून या लेखात मी त्याच्यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

उदाहरण मनातलंच घेऊ. विजापूर रोडच्या कडेला शहर संपतं तिथे एक रहिवासी इमारत, २० मजले, उंची ६० मीटर, प्लॅन ३० बाय २० मीटर, आरसीसी, मधे लिफ्टच्या शिअर वॉल, म्हणजे आडवा जोर घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती. आणि हो, सोलापुरात उंचीचं काहीही ठरवायच्या आधी विमानतळाच्या उंचीच्या परवानगीचं बघा. सिद्धेश्वर कारखान्याची को-जनरेशनची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये विमानसेवेच्या कारणानंच पाडावी लागली हे सगळ्या गावानं बघितलंय.

पायरी १: साइटवर उभं राहा

मोबाइलमध्ये कंपास असतो. प्लॉटच्या मधोमध उभं राहून आठही दिशांचे फोटो काढा, आणि घरी येऊन सॅटेलाइट मॅपवर प्रत्येक दिशेला एक-दोन किलोमीटरपर्यंत काय आहे ते लिहून काढा. आयएस ८७५ भाग ३ मध्ये, म्हणजे वाऱ्याच्या भारतीय कोडाच्या २०१५ च्या आवृत्तीत, जमिनीच्या चार कॅटेगरी आहेत. १ म्हणजे एकदम सपाट उघडं, समुद्रकिनारा वगैरे. २ म्हणजे शेतं, तुरळक झाडं-घरं. ३ म्हणजे १० मीटरपर्यंतच्या दाट बांधकामाचा भाग, आपली जवळजवळ सगळी पेठ यात येते. ४ म्हणजे उंच बिल्डिंगांची गर्दी, जी सोलापुरात कुठेच नाही, त्यामुळे कोणी ४ टाकली असेल तर लगेच खोडा.

आपल्या उदाहरणात उत्तर-पूर्वेला शहर आहे, तिकडून ३ चालेल. पण दक्षिण-पश्चिमेला ज्वारीची रानं, तिकडून २ च धरायची. पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडून-नैर्ऋत्येकडूनच येतो आणि वळवाचं वादळ तर कुठूनही येतं, म्हणून चारही बाजूंना वेगळी कॅटेगरी लावायची किंवा सरळ सगळीकडे २ धरायची. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका साइटला न जाता सगळीकडे ३ लावली होती, तपासणाऱ्या ज्येष्ठ इंजिनियरांनी फक्त एक फोटो मागितला, फोटोत कडबा रचलेलं रान क्षितिजापर्यंत दिसत होतं. सगळं परत केलं. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक फाइलचं पहिलं पान आठ फोटोंचं असतं.

पायरी २: वेग आणि दाब

हा भाग सोपा आहे, पटकन उरकू. वाऱ्याच्या नकाशात सोलापूर ३९ मीटर प्रति सेकंदच्या पट्ट्यात येतं, पुणे-नाशिकसारखंच, म्हणजे ताशी साधारण १४० किलोमीटर. हा आकडा उघड्या मैदानात १० मीटर उंचीवरच्या ३ सेकंदांच्या झोताचा आहे, ५० वर्षांत सरासरी एकदा येणारा वारा धरून. याला चार गुणक लागतात. के-वन आयुष्य आणि महत्त्वासाठी, साध्या इमारतीला १, हॉस्पिटलसारख्या महत्त्वाच्या इमारतीला या पट्ट्यात १.०६. के-टू उंची आणि कॅटेगरीसाठी. के-थ्री डोंगर-उतारासाठी, आपल्याकडे सपाट माळ, म्हणून १. के-फोर चक्रीवादळाचा, तो किनारपट्टीसाठी असतो, आपल्याला १.

६० मीटरवर के-टू कॅटेगरी २ मध्ये १.१८४ आणि ३ मध्ये १.१३६ येतो, टेबलमधल्या ५० आणि १०० मीटरच्या आकड्यांमधे इंटरपोलेट करून. म्हणजे वेग ४६.२ किंवा ४४.३. दाब = ०.६ × वेगाचा वर्ग, म्हणून १२७९ किंवा ११७८ न्यूटन प्रति चौरस मीटर. वरती फरक आठ-नऊ टक्केच दिसतो, पण खाली १० मीटरवर बघा, ९१३ आणि ७५६, कॅटेगरी २ चा दाब पाचव्या हिश्शानं जास्त. कॅटेगरी चुकली तर चूक सगळ्या उंचीवर पसरते ती अशी.

इथे एक सावधगिरी. जुन्या एक्सेल शीट अजून फिरतायत ज्यात इमारतीच्या आकारावरून ए, बी, सी असे क्लास आहेत, ते १९८७ च्या कोडातले. २०१५ मध्ये ते क्लास गेले आणि त्याऐवजी दिशेचा, क्षेत्रफळाचा आणि एकत्रित दाबाचा असे वेगळे गुणक आले. दोन्हींची खिचडी झालेली शीट मी बघितलीय, उत्तर दिसायला एकदम बरोबर दिसतं म्हणून जास्त धोका. सीनियरकडून आलेली शीट असली तरी तिच्यात क्लास विचारत असेल तर वापरू नका.

पायरी ३: बिल्डिंग एका झोक्याला किती सेकंद घेते

आता खरा विषय. कोड म्हणतो, उंची भागिले कमीत कमी रुंदी साधारण ५ च्या वर गेली किंवा इमारतीची पहिली नैसर्गिक फ्रिक्वेन्सी १ हर्ट्झच्या (सेकंदाला एक झोका) खाली आली तर डायनॅमिक तपासणी करा, म्हणजे इमारतीचं हलणं धरून; स्टॅटिकमध्ये वारा नुसता स्थिर दाब मानतात. आपल्या उदाहरणात ६० भागिले २० म्हणजे ३, त्यामुळे पोरं म्हणतात बारीक नाहीये, स्टॅटिक चालेल. थांबा. "किंवा" हा शब्द वाचायचा राहिला. शिअर वॉलवाल्या इमारतीचा काळ, म्हणजे एका झोक्याचे सेकंद, ०.०९ × उंची भागिले रुंदीचं वर्गमूळ, म्हणजे ०.०९ × ६० भागिले ४.४७ = १.२१ सेकंद, फ्रिक्वेन्सी ०.८३. नुसत्या फ्रेमच्या सूत्रानं मजल्यामागे ०.१ सेकंद, म्हणजे २ सेकंद आणि ०.५ हर्ट्झ. दोन्हीकडून १ च्या खालीच. साधारण दहा-बारा मजल्यांच्या वरची बहुतेक इमारत या अटीत सापडते, आणि बहुतेक रिपोर्टमध्ये या अटीचा उल्लेखसुद्धा नसतो.

सूत्राचा काळ फक्त अट तपासायला वापरा, पुढच्या हिशोबाला मॉडेलचा मोडल ॲनालिसिस (इमारत स्वतःच्या ठेक्यात कशी हलते ते काढणं) करून आलेला काळ घ्या. त्याच्यासाठी मॉडेलमध्ये वजन पूर्ण आलं पाहिजे, विटांच्या भिंती, फ्लोअरिंग, गच्चीवरच्या टाक्या, सगळं. आणि काँक्रीटला तडे गेल्यावरचा कडकपणा लावा. उंच इमारतींचा वेगळा कोड आहे, आयएस १६७००, पहिल्यांदा २०१७ मध्ये आलेला, पन्नास मीटरच्या वरच्या इमारतींसाठी, त्यात ड्रिफ्टसारख्या (वरचं टोक बाजूला किती सरकतं) तपासणीला बीमचा कडकपणा ०.७ पट, कॉलम आणि वॉलचा ०.९ पट, आणि डिझाइनच्या लोडला बीम ०.३५, कॉलम-वॉल ०.७ असे आकडे दिलेत. हे न लावता मॉडेल चालवलं की बिल्डिंग खरीपेक्षा ताठ दिसते, काळ कमी येतो, झोका कमी येतो आणि सगळं छान पास होतं. आपण मॉडेलमधून ०.५ हर्ट्झ आला असं धरून पुढे जाऊ.

पायरी ४: गस्ट फॅक्टर, हातानं

वारा एकसारखा वाहत नाही, झोतांनी येतो. काही झोत सावकाश येतात, बिल्डिंग त्यांच्याबरोबर नुसती वाकते. काही झोतांचा ठेका बिल्डिंगच्या स्वतःच्या ठेक्याशी जुळतो आणि झोका वाढत जातो, झोपाळ्यावरच्या पोराला बरोबर वेळी हलका धक्का दिला की झोपाळा चढतो तसं. कॅनडातले ॲलन डेव्हनपोर्ट यांनी १९६० च्या दशकात हे दोन्ही भाग एका गुणकात बसवले, तोच गस्ट फॅक्टर, आणि आपल्या कोडातली पद्धत त्याच विचारावर उभी आहे.

इथे ३ सेकंदांचा वेग वापरायचा नाही, तासाची सरासरी वापरायची. पहिल्यांदा करताना हमखास चुकणारी जागा ही. कॅटेगरी २ मध्ये तासाचा गुणक = ०.१४२३ × लॉग (उंची भागिले ०.०२) × ०.०२ चा ०.०७०६ वा घात, लॉग नैसर्गिक. ६० मीटरला तो ०.८६४ येतो. वेग ३३.७, दाब ६८२ न्यूटन. मगाशी १२७९ होता, आता जवळपास निम्मा, पण घाबरू नका, याला अजून गस्ट फॅक्टर गुणायचाय.

पुढचे आकडे असे, ३० मीटरची बाजू वाऱ्यासमोर धरून आणि पायथ्याशी. टर्ब्युलन्सची (वाऱ्याच्या खळबळीची) तीव्रता ०.१३३, तिची दुप्पट ०.२६६. झोतांची लांबी = ८५ × (उंची भागिले १०) चा पाव घात = १३३ मीटर. बॅकग्राउंड गुणक ०.७८४, त्याला पीकच्या ३ चा वर्ग आणि छोटी दुरुस्ती लावून सावकाश झोतांचा भाग ९.७७. आता ठेका जुळण्याचा भाग. आकाराचा गुणक ०.०८७, झोतांच्या ऊर्जेचा ०.०५७, आरसीसीचं डॅम्पिंग (झोका शमवायची ताकद) ०.०२०, पीक गुणक वर्गमूळ (२ × लॉग (३६०० × ०.५)) = ३.८७. हे सगळं मिळून ३.७५. बेरीज १३.५२, वर्गमूळ ३.६८, गुणिले ०.२६६, अधिक १. गस्ट फॅक्टर १.९८.

म्हणजे वरच्या टोकालाही ढोबळमानानं हाच फॅक्टर धरला तर ६८२ × १.९८ = साधारण १३५० न्यूटन. स्टॅटिक पद्धतीत दिशेचा ०.९ आणि क्षेत्रफळाचा ०.८ हे गुणक लावले की १२७९ चे ९२१ होतात. तोच टॉवर, तेच गाव, आणि डायनॅमिकमध्ये वरती जवळजवळ दीडपट दाब. पायरी ३ मधला "किंवा" ज्यानं वाचला नाही त्याचं डिझाइन एवढ्यानं कमी पडतं. फोर्स कोएफिशियंट, म्हणजे इमारतीच्या आकारानुसार लागणारा गुणक, कोडातल्या आलेखावरून वाचा, या प्रमाणाला मी १.२५ धरतो, तर वरच्या एका मजल्यावर ३ × ३० × १.२५ × १.३५ = १५२ किलोन्यूटन, पंधरा टनांच्या आसपास. हे आकडे एकदा तरी कागदावर स्वतः काढा. ते केल्याशिवाय कळत नाही की डॅम्पिंग बदललं की काय होतं आणि काळ वाढला की काय होतं, आणि ते कळलं की आर्किटेक्टशी बोलताना आपल्या बोलण्याला वजन येतं.

वेल्डेड स्टीलच्या इमारतीला डॅम्पिंग ०.०१० धरतात. निम्मं डॅम्पिंग म्हणजे ठेक्याचा भाग दुप्पट.

पायरी ५: आडवा झोका

वारा पश्चिमेकडून आला तरी बिल्डिंग उत्तर-दक्षिण हलू शकते. दोन्ही कडांवरून भोवरे आळीपाळीनं सुटतात, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून, आणि त्यांचा ठेका बिल्डिंगशी जुळला की झोका आडव्या दिशेनं वाढतो. जुळणारा वेग काढायचा सोपा हिशोब, फ्रिक्वेन्सी × रुंदी भागिले स्ट्राऊहाल नंबर (भोवरे किती भरभर सुटतात ते सांगणारा आकडा), जो आयताला ०.१० आणि गोलाला ०.२०. आपल्या इमारतीला २० मीटरच्या बाजूनं ०.५ × २० भागिले ०.१० = १०० मीटर प्रति सेकंद. असा वारा इथे कधी येणार नाही, विषय संपला.

पण समजा कोणी १२० मीटरचा सडपातळ टॉवर आणला, रुंदी १८, फ्रिक्वेन्सी ०.२. जुळणारा वेग ३६. आणि त्या उंचीवर उघड्या रानाकडून तासाचा सरासरी वेग ३६.६. दोन्ही आकडे एकमेकांवर बसले. असं दिसलं की हातानं करण्याचा विषय संपला, विंड टनेल टेस्ट (छोटं मॉडेल वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासणं) सांगायची, आणि आर्किटेक्टला कोपरे गोल करायला, खाच द्यायला किंवा वरती प्लॅन बारीक करायला विनवायचं. ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफाचा आकार वर जाताना बदलत जातो तो याच कारणानं, भोवऱ्यांना एक ठेका धरू द्यायचा नाही. तैपेईच्या ५०८ मीटर टॉवरमध्ये ६६० टनांचा गोळा लटकवलाय, तो झोक्याच्या उलट हलून ऊर्जा खातो. साखर कारखान्याच्या स्टीलच्या चिमण्यांना वरच्या भागात पट्ट्या नागमोडी गुंडाळलेल्या दिसतात त्यामागेही भोवरे तोडण्याचंच काम आहे, पुढच्या वेळी कारखान्यावर गेलात तर वर बघा.

पायरी ६: शेजारी आणि तिरका वारा

१ नोव्हेंबर १९६५ ला इंग्लंडमधल्या फेरीब्रिज वीजकेंद्रात आठ कूलिंग टॉवरपैकी तीन वाऱ्यात कोसळले, आणि ते पुढच्या रांगेतले नव्हते, मागच्या रांगेतले होते. पुढच्या टॉवरांमधून निघालेला खवळलेला वारा मागच्यांवर आदळला. म्हणून एकाच स्कीममध्ये दोन-तीन टॉवर असतील तर कोडातला इंटरफेरन्स गुणक लावा, अंतरानुसार १.०७ ते १.३५. आज शेजारी टॉवर नसला पण मंजूर प्लॅनमध्ये दुसरा टप्पा असला तर तोही धरा.

तिरक्या वाऱ्याचा धडा न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प सेंटरचा. विल्यम लेमेझ्युरिए यांनी डिझाइन केलेली ५९ मजली इमारत, खांब कोपऱ्यात न ठेवता बाजूंच्या मधे. १९७८ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की कोपऱ्याकडून येणाऱ्या वाऱ्यानं काही ब्रेसमधला (तिरक्या आधारांमधला) जोर ४० टक्क्यांनी वाढतो आणि जोड वेल्डऐवजी बोल्टचे झालेत. रात्री-रात्री वेल्डिंग करून दुरुस्त केलं. इंजिनियरनं स्वतःची चूक मालकांसमोर स्वतः कबूल करून निस्तरली, मला हे फार मोठं वाटतं. तुमच्या मॉडेलमध्ये एक्स, वाय, दोन्हींचे उणे-अधिक आणि ४५ अंश, एवढ्या केस असल्याच पाहिजेत.

पायरी ७: मॉडेलमध्ये टाकणं आणि निकाल वाचणं

हातानं काढलेले मजल्यामागचे फोर्स डायाफ्रामवर (मजल्याच्या स्लॅबवर) टाका, थोडं मध्यबिंदूपासून सरकवून पण एक केस करा म्हणजे पीळ बसतो का ते कळतं. पॅरापेटची उंची आणि गच्चीवरची लिफ्ट रूम ऑटो लोडमध्ये राहून जाते, ती मोजा. कॉम्बिनेशन नेहमीची (डेड म्हणजे इमारतीचं स्वतःचं वजन, लाइव्ह म्हणजे माणसं-सामान), १.५ × (डेड + वारा), ०.९ डेड + १.५ वारा, १.२ × (डेड + लाइव्ह + वारा). वारा आणि भूकंप एकत्र नाही. भूकंपाच्या २०१६ च्या कोडात सोलापूर झोन ३ मध्ये आहे, १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाचा धक्का आपल्याकडे घरातल्या थोरांना अजून आठवतो. या इमारतीचा माझा ढोबळ हिशोब वाऱ्याला पायथ्याशी अडीच हजार किलोन्यूटनच्या आसपास येतो आणि मुरूम-खडकावर भूकंपाचाही त्याच्याजवळच येतो, त्यामुळे "आपल्याकडे भूकंपच गव्हर्न करतो" असं पाठ केलेलं वाक्य न तपासता वापरू नका.

ड्रिफ्टची मर्यादा उंची भागिले ५००, म्हणजे १२० मिलिमीटर. तासाच्या सरासरी वाऱ्यानं आपली सरक १४ मिलिमीटर, गुणिले १.९८, साधारण २८. आरामात बसतं.

माणसाला मात्र मिलिमीटर जाणवत नाहीत, प्रवेग जाणवतो. विसाव्या मजल्यावर ज्वारीची भाकरी थापणाऱ्या बाईला चक्कर आल्यासारखं वाटलं तर ड्रिफ्ट पास झाल्याचं तिला काय? आयएस ८७५ मध्ये यासाठी ५ वर्षांचा वारा आणि आरसीसीचं डॅम्पिंग ०.०११ घ्यायला सांगितलंय, कारण छोट्या झोक्यात काँक्रीट कमी ऊर्जा खातं. आपल्याला वेग २५.६, सरासरी सरक ८ मिलिमीटर. प्रवेग = (२ × पाय (३.१४) × ०.५) चा वर्ग × ०.००८ × ३.८७ × ०.२६६ × ०.५०५ = ०.०४ मीटर प्रति सेकंद वर्ग. आयएस १६७०० मध्ये रहिवासी इमारतीला १० वर्षांच्या वाऱ्यात ०.१५ ची मर्यादा आहे. वारा जरा मोठा धरला तरी लांब आहोत.

पायरी ८: काच, पत्रा, गच्ची

फ्रेम उभी राहते आणि काच खाली पडते, असं होऊ शकतं. कोपऱ्यांवर ओढ जास्त असते, बाहेरचा गुणक उणे १.२ पर्यंत जातो, त्यात आतला दाब मिळवा, उघडी भिंत ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ०.२, त्याच्या वर २० टक्क्यांपर्यंत ०.५, आणखी जास्त असेल तर ०.७. खिडकीवाल्याला नुसतं "उंच बिल्डिंग आहे, जाड काच लाव" असं सांगू नका, कोपऱ्याच्या आणि मधल्या काचेचा दाब वेगळा लिहून द्या. आणि आपल्या गावातली खास गोष्ट, प्रत्येक गच्चीवर सोलर. पाण्याचे सोलर असोत की पॅनल, ते बहुतेक वेळा राहायला आल्यावर बसतात, फिटर चार खिळे मारून जातो आणि ६० मीटरवर १.२८ किलोन्यूटनचा दाब त्याला कोणी सांगितलेला नसतो. म्हणून ड्रॉइंगमध्येच गच्चीवर आरसीसीचे पेडेस्टल आणि अँकर बोल्ट दाखवून टाका, स्लॅब ओततानाच बसवून घ्या.